प्रूफ-खोलीतला लाल ठिपका

छापखान्यात पाल आली आणि प्रूफ-खोलीचं स्वास्थ्य गेलं.

ही पाल म्हणजे वीजबचतीचं काम घेऊन आलेला एक तरुण इंजिनिअर. काटकुळा, लांब बोटांचा, आणि दिवसभर शिडीवरून भिंतीला नाहीतर छताला चिकटलेला. बाइंडिंगमधल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की पुढं एकदा तो स्वतःच फोनवर म्हणताना ऐकू आला, "हो हो, पालच बोलतोय."

त्यानं प्रत्येक प्लगखाली एक पांढरी डबी बसवली आणि प्रत्येक खोलीच्या छताला एक काळा डोळा. मग सगळ्यांना दारापाशी गोळा करून समजावून सांगितलं.

"प्रत्येक यंत्राची वीज खाण्याची एक सवय असते. कॉम्प्युटर एका तऱ्हेनं खातो, झेरॉक्स मशीन दुसऱ्या तऱ्हेनं. डबी ती सवय ओळखते. वरचा डोळा बघतो, खोलीत माणूस हलतंय की नाही. यंत्र खातंय आणि माणूस नाही, म्हणजे वीज वाया. की लगेच इथल्या मोठ्या पडद्यावर त्या खोलीचा ठिपका लाल!"

"आणि माणूस आहे, पण काम करत नाही, तर?" बाइंडिंगवाल्या एकीनं विचारलं.

"ते ओळखणारं यंत्र मी आणलेलं नाही."

"मग बसव बाबा, खुशाल बसव."

आठवडा झाला आणि पडद्यावर निकाल लागला. साऱ्या खोल्या हिरव्या, एखाददुसरी पिवळी. एकच ठिपका पिकल्या मिरचीसारखा लालभडक. गल्लीच्या टोकाची, कागदाच्या गोदामामागची प्रूफ-खोली.

त्या खोलीत वन्सं आणि वहिनी बसत. नात्यानं नणंद-भावजय. वन्सं शिशाचे टाइप जुळवायचे त्या काळात इथं लागल्या. तेव्हा हातांना शाईचा वास यायचा आणि तो साबणानं जात नसे. पुढं त्यांच्या दादाचं लग्न झालं, वहिनी घरात आली, आणि तिचा आवाज स्वच्छ आहे म्हणून वन्संनीच तिला छापखान्यात आणली. एक दुसरीला वन्सं म्हणते आणि दुसरी हिला वहिनी, म्हणून सगळा छापखाना तेच म्हणू लागला. खुद्द साहेबही.

काम औषधांच्या पत्रकांचं, आगगाड्यांच्या वेळापत्रकांचं, यंत्रांबरोबर येणाऱ्या माहितीपुस्तकांचं. एकीनं मूळ मजकूर मोठ्यानं वाचायचा, दुसरीनं छापायच्या मजकुरावर बोट ठेवून ऐकायचं. विरामचिन्हंसुद्धा उच्चारायची. आवाज मात्र सपाट ठेवायचा, कारण आवाजात चढउतार आला की कान अर्थाच्या नादी लागतो आणि डोळा चूक ओलांडून पुढं पळतो. आणि हलायचं नाही. वन्संना शिकवणारे म्हातारे तपासनीस म्हणायचे, "डोकं हललं की ओळ गेली." त्यांच्यापुढं नाकावर माशी बसली तरी वन्सं हलत नसत. तीच सवय त्यांनी वहिनीला लावली.

आता टाइप गेले, कागदही कमी झाला. दोघींपुढं पडदे आले, कोपऱ्यात एक अगडबंब प्रिंटर आला. बसणं मात्र तसंच राहिलं, देवळातल्या मूर्तींसारखं. छतावरच्या डोळ्याला यंत्रं दिसली, माणूस काही दिसलं नाही.

"मावशी, जरा अधूनमधून हलत जा ना," पाल शिडीवरून म्हणाला.

"मावशी नको म्हणूस. वीज तोडायला आलेला भाचा नकोय मला."

"मग काय म्हणू?"

"वन्सं म्हण. सगळं जग म्हणतं. आणि हललं की ओळ जाते. ओळ गेली, औषधाचा एक चमचा वाढला, माणूस आडवा झाला, तर तुझा डोळा जाणार आहे का त्याला उठवायला?"

हे झालं कामाचं. पण त्या खोलीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती कुणालाच ठाऊक नव्हती.

घरी या दोघी एकमेकींशी बोलत नसत. वन्संची आई गेल्यावर तिचं शिवणयंत्र वहिनीनं न विचारता भंगारात दिलं. वन्सं म्हणाल्या, "आजपासून तुझ्याशी एक शब्द बोलले तर नाव बदलेन." आणि त्या शब्दाला जागल्या. वहिनीही काही कमी नव्हती. ती म्हणाली, तुम्ही नाही तर मीही नाही. तेव्हापासून बिचारा दादा मराठीचं मराठीत भाषांतर करत होता.

"दादा, सांग तुझ्या बायकोला, दूध उतू चाललंय."

"अगं, दूध उतू चाललंय म्हणते ती."

"सांगा वन्संना, मला डोळे आहेत."

"डोळे आहेत म्हणते." तोवर दूध ओट्यावर.

छापखान्यात मात्र वाचणं भाग होतं. वाचणं म्हणजे काही बोलणं नव्हे. वहिनी कागद धरायची आणि त्या सपाट आवाजात सुरू व्हायची:

"गोळी जेवणानंतर घ्यावी पूर्णविराम रिकाम्या पोटी घेऊ नये पूर्णविराम काल मोरीतला दिवा पहाटेपर्यंत कुणी चालू ठेवला प्रश्नचिन्ह मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी पूर्णविराम."

वन्संचं बोट तसूभर हलायचं नाही. त्या आपली पाळी येईपर्यंत थांबायच्या. मग:

"यंत्र सुरू करण्यापूर्वी झाकण घट्ट लावावे पूर्णविराम झाकण लावायची सवय काहींना माहेरी लावलेलीच नसते उद्गारचिन्ह झाकण उघडे असताना आत हात घालू नये पूर्णविराम."

दारावरून जाणाऱ्याला वाटायचं, काय तन्मय होऊन काम करतात! अशा रीतीनं घरातलं सगळं त्या खोलीत बोलून व्हायचं. मुलाची नोकरी, वन्संचा गुडघा, शेजारणीचा आगाऊपणा. वहिनीची आई गेली, तेव्हा आगगाडीच्या वेळापत्रकात दोन गाड्यांच्या मध्ये वन्सं वाचून गेल्या, "मला वाईट वाटलं स्वल्पविराम फार वाईट वाटलं पूर्णविराम." वहिनीनं डोळे पुसले आणि पुढच्या गाडीची वेळ तपासली. दोघींपैकी कुणीही याला बोलणं म्हटलं नसतं. जीव गेला तरी नसतं.

म्हणून साहेबांनी जेव्हा जाहीर केलं की, "महिनाअखेर जी खोली लाल राहील ती बंद, तिथल्या लोकांनी वरच्या हॉलमध्ये बसायचं," तेव्हा वन्संच्या डोळ्यांपुढं तो हॉल आला. वरच्या हॉलमध्ये सगळे कानात बोळे घातल्यासारखे बसत. भिंतीवर 'शांतता राखा' अशी पाटी होती. तिथं मोठ्यानं वाचणं नाही. ज्यानं त्यानं एकेकट्यानं, मुकाट्यानं तपासायचं. म्हणजे घरी मौन आणि इथंही मौन.

त्या दिवशी वहिनीनं खोकल्याच्या औषधाच्या शेवटी वाचलं, "बाटली हलवून घ्यावी पूर्णविराम वर खिडक्या मोठ्या आहेत स्वल्पविराम उजेड असतो पूर्णविराम." आणि कागद खाली ठेवला. पत्रक संपलं होतं.

 वन्सं मनात म्हणाल्या, असं आहे तर. हिला जायचंच आहे. बरोबरच आहे, म्हातारीजवळ कोण बसेल त्या अंधारात?

पण मनात कितीही म्हटलं तरी हात स्वस्थ बसेनात. दुसऱ्या दिवशी वन्संनी कपाटामागून जुना टेबलफॅन ओढून काढला, मान फिरवणारा. खुंटीवर वहिनीचा रेनकोट होता. तो फॅनच्या डोक्यावर चढवला, बाह्या सुटणार नाहीत अशा बांधल्या आणि बटण दाबलं. रेनकोट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे अदबीनं माना वेळावू लागला.

वहिनीनं वाचता वाचता वर पाहिलं. "जलपंप समपातळीवर ठेवावा पूर्णविराम हा माझा कोट आहे उद्गारचिन्ह."

"जलपंपास धक्का लावू नये पूर्णविराम भाड्यानं घेतलाय पूर्णविराम," वन्सं म्हणाल्या.

वहिनीच्या ओठांचा कोपरा हलला. ती उठली आणि कोटाची टोपीही नीट वर करून बसवली.

जेवणाच्या सुट्टीत दोघी वेगवेगळ्या वाटांनी दारापाशी जाऊन मोठा पडदा बघून आल्या. ठिपका हिरवा! आधीची यंत्रं वीज खात होतीच. आता त्यात एक फॅनही खात होता, आणि तरी हिरवा. वन्संना इतकं हसू आलं की त्यांनी ते खोकल्यात लपवलं.

आनंदाच्या भरात संध्याकाळी फॅन बंद करायचा राहिला. सकाळी साहेब स्वतः दारात उभे. "वन्सं, वहिनी, काय म्हणावं तुम्हाला! पडद्यावर बघितलं मी, रात्रभर खोलीत हालचाल. या वयात इतकं काम? जरा वरच्या पोरांना सांगा चार गोष्टी."

वरच्या पोरांना सांगावं लागलं नाही. साहेबांनी ती स्तुती सगळ्यांपुढं केली, तशी बाकीच्यांची झोप उडाली. बाइंडिंगमधून एक बाई सुई मागायच्या निमित्तानं आली, कोट बघितला, सुई न घेताच गेली. दोन-चार दिवसांत साथ पसरली. हिशेबाच्या खोलीत फॅनला शाल, चित्रकारांच्या खोलीत टॉवेल, गोदामात पोत्याचं बुजगावणं. हॉलमधल्या पोरांनी तर फॅनला टाय बांधला. गल्लीतून चालावं तर दोन्हीकडून कपडे माना डोलावताहेत, आणि माणसं बाहेर चहा पीत उभी.

पडदा हिरवागार झाला. साहेब खूश. नाखूश एकटा पाल.

तो प्रूफ-खोलीचं दार उघडून आत आला तेव्हा रेनकोट त्याच्याकडेच वळत होता.

"नमस्कार," पाल कोटाला म्हणाला. मग दोघींकडे वळला. "पडद्यावर सगळं हिरवं आणि तिकडं मुख्य मीटर भोवऱ्यासारखा फिरतोय. मला वाटलं माझं शिक्षण वाया गेलं. गेले दोन दिवस जेवण जात नाहीये मला. ही सुरुवात कुणाची?"

वहिनीनं कागदात तोंड घातलं. वन्सं मात्र सरळ म्हणाल्या, "माझी. तुझ्या डोळ्याला आम्ही दोघी दिसत नाही आणि रेनकोट दिसतो. त्याला मी काय करू?"

पाल शिडीच्या खालच्या पायरीवर बसला. हसावं की रडावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं थोडं थोडं दोन्ही केलं. मग म्हणाला, "खरं आहे. इथं डोळा चुकीचा आहे. पण डबी चुकीची नाही बरं का. तो प्रिंटर बघा. दिवसाकाठी चार कागद काढता आणि तो चोवीस तास जागा. तुमच्या दोन्ही पडद्यांपेक्षा जास्त खातो, नुसता बसून."

वन्संनी प्रिंटरकडे पाहिलं. इतकी वर्षं तो कोपऱ्यात गुरगुरत होता आणि त्यांना वाटायचं, असतो एकेकाचा स्वभाव. "हा बंद कर आत्ताच्या आत्ता," त्या म्हणाल्या. "बसून खाणारा नको."

"करतो. आणि डोळा काढून कान बसवतो. माणसाचा आवाज ऐकणारा. तुम्ही तर दिवसभर बोलतच असता."

"बोलत नाही!" दोघी एकदम म्हणाल्या. "वाचतो!"

"तेच ते."

वन्संनी जरा घाबरून विचारलं, "हा तुझा कान शब्द ऐकतो का रे?"

"नाही हो. शब्द त्याला कळत नाहीत. माणूस आहे की यंत्र, एवढंच कळतं."

वन्संनी सुटकेचा श्वास टाकला. समोर वहिनीनंही टाकला.

कोट प्रकरण साहेबांच्या कानावर गेलंच. सगळ्यांचे फॅन जमा झाले, आणि साहेबांनी निक्षून सांगितलं, "कानाची चाचणी माझ्यासमोर होईल. दिवा हिरवा लागला तर खोली राहील. नाहीतर उद्या टेबलं वर." चाचणीला साहेब आले, पाल आला, आणि तमाशा फुकट आहे म्हटल्यावर सगळं बाइंडिंग दारात आलं. छतावर डोळ्याच्या जागी एक जाळीची चकती होती, तिच्याखाली एक बारीक दिवा. लाल.

वहिनीनं कागद उचलला. "जलपंप सुरू करण्यापूर्वी पाण्याची पातळी तपासावी पूर्णविराम."

दिवा लाल.

"पातळी कमी असल्यास स्वल्पविराम जलपंप सुरू करू नये पूर्णविराम."

लाल. पालनं हातातल्या फोनवर काहीतरी फिरवलं, पुन्हा फिरवलं, घसा खाकरला. "वन्सं, रागावू नका. कान म्हणतोय, खोलीत दोन पंखे चालू आहेत."

"एक जुना आणि एक त्याहून थोडा नवा," दारातून आवाज आला, आणि बाइंडिंग फिदीफिदी हसलं.

"एका सुरात चालणारा आवाज तो यंत्राचाच धरतो," पाल कानकोंडा होऊन म्हणाला. "जरा चढउतार करून वाचाल का?"

वहिनीनं प्रयत्न केला. पण जन्मभराची सवय. पंपात कसला आलाय चढउतार? वन्संनी करून पाहिला, तर तो रडका निघाला आणि मग पुन्हा सपाट झाला. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "असो. वर जागा तयारच आहे."

वन्सं पुढं वाकल्या. त्यांनी वहिनीच्या हातातला कागद ओढून घेतला, आणि त्याच सपाट आवाजात, कागदावरची नजर न काढता वाचलं, "जलपंप कोरडा चालवू नये पूर्णविराम वर जायला काहींचा जीव टांगलेला आहे उद्गारचिन्ह."

बाइंडिंगवाल्यांनी एकमेकींकडे पाहिलं. पंपाला जीव?

"कुणाचा प्रश्नचिन्ह," वहिनी म्हणाली.

"ज्यांना मोठ्या खिडक्या हव्यात त्यांचा पूर्णविराम."

दिवा लालच. पण वहिनीनं पडद्यावरचं बोट काढलं. ती खुर्चीसकट वळली, आणि तिचा आवाज फाटला. "वन्सं! मी खिडकीचं कशाला म्हटलं, विचारलंत कधी?"

दिवा मिणमिणला. हिरवा.

"माझ्याशी बोलू नकोस!" वन्सं कडाडल्या. हिरवा, चांगला ठसठशीत.

"बोलणार! इतकी वर्षं स्वल्पविराम घालून घालून माझी जीभ झिजली! कागद नाकाला लावून वाचता तुम्ही. रोज डोळे चोळता. म्हणून म्हटलं, वर उजेड आहे. मला काय करायचाय उजेड? मी तुमच्याजवळ तळघरातसुद्धा बसेन."

"मग तसं सांगायचं नाही?"

"कसं सांगू? तुम्ही बोलता कुठं?"

"वाचताना सांगायचं!"

"पत्रक संपलं होतं! खोकल्याचं सुरू झालेलं पुढच्या जुलाबाच्या गोळीत सांगू?"

"सांगायचं! जुलाबात सांगायचं! मी आठ दिवस झोपले नाही, मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय!"

"येतोच कंटाळा! रोज येतो! म्हणून काय सोडून जाईन?"

दिवा इतका हिरवा झाला होता की पाल शिडीवर चढून कानाची धार कमी करत होता. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. घरी त्यांनाही बहीण होती, बायको होती, त्यांना मध्ये पडण्याचा अनुभव होता. शेवटी ते पालला हळूच म्हणाले, "राहू दे ही खोली. आणि तो प्रिंटर गेला ना? त्याच्या विजेत एक चांगला दिवा बसत असेल तर बसवा यांना. पांढरा, वाचायचा."

"चार बसतील," पाल वरून म्हणाला.

दोघींना तेव्हा कुठं आठवलं की दारात माणसं आहेत. वन्संचा चेहरा लाल, वहिनीचा त्याहून. वन्संनी पदर नाही की रुमाल नाही, जलपंपाच्या कागदानंच वारा घेतला. बाइंडिंगवाल्या पांगल्या, जाताना एक म्हणाली, "पंखे बंद झाले गं बाई, माणसं निघाली."

जाता जाता पालनं बजावलं, "वाचा तुमचं खुशाल सपाट. पण दिवा पिवळा झाला की समजा, कान तुम्हाला विसरला. तेव्हा जरा माणसांसारखं बोला. नाहीतर पडदे आपोआप बंद होतील."

दुसऱ्या सकाळी नवा दिवा आला. अक्षरं अशी टपोरी दिसत होती की वन्संना वाटलं, कुणी टाइपच बदलला की काय. दोघी बसल्या. वहिनीनं कानात घालायच्या थेंबांचं पत्रक घेतलं आणि वाचायला लागली. अधेमध्ये काही घातलं नाही. काल इतकं बोलून झालं होतं की घालायला काही उरलंच नव्हतं. पान उलटलं. छताचा दिवा पिवळा झाला.

वहिनी थांबली. वन्संनी वर पाहिलं.

"बोला ना," वहिनी हळूच म्हणाली. "तुम्ही मोठ्या."

"काय बोलू? तू बोल."

"मला नाही सुचत. काल तुम्हीच सुरुवात केलीत."

"म्हणून आज तुझी पाळी."

असं कुजबुजणं कानाला ऐकू जाईना. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. आता पडदे जाणार म्हणताना वन्संनी जोरात घसा साफ केला. भांडण नसताना पहिल्यांदाच, कुठलंही चिन्ह न लावता, वहिनीच्या तोंडाकडे बघून त्यांना काहीतरी म्हणायचं होतं आणि ते जमेना. शेवटी त्या एका दमात म्हणून मोकळ्या झाल्या, "तू वाचतेस छान हं वहिनी!"

वहिनी चमकली. मग तिनं पत्रक खाली ठेवलं, कमरेवर हात घेतले.

"आज छान? म्हणजे इतकी वर्षं काय रेकत होते?"

"तसं कुठं म्हटलं मी!"

"मग कसं म्हटलंत? सांगा ना!"

वर दिवा हिरवा होऊन बराच वेळ झाला होता. बघायला सवड कुणाला होती?